सर्व्हर काय काय लिहून ठेवतो

2023 च्या सुरुवातीला लाल कांद्याचे भाव कोसळले, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलमागे 350 रुपये आणि एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर केलं. 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात बाजार समितीत माल घातलेल्यांसाठी ते होतं. नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव तालुक्यात कांदा हेच हाती पैसा देणारं पीक, त्यामुळे नांदगाव आणि मनमाड या दोन्ही बाजारांशी बांधलेल्या घरांना या अर्जाची घाई होती. अर्जाला विक्रीची पट्टी, सातबारा, बँकेचं पासबुक आणि आधारची झेरॉक्स जोडायची. सातबाऱ्यावर पीकपाहणीची नोंद नाही म्हणून अर्ज अडकले, त्यावर बरीच ओरड झाली आणि ती रास्तच होती. मात्र छाननी संपून पैसे खात्यात पडल्यावर अशा कागदांचं पुढे काय होतं, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. अर्जाचं स्कॅनिंग होतं, नावांची एक्सेल यादी होते, ती ईमेलने वरच्या कार्यालयात जाते, घाईच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवरूनही जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक प्रत मागे राहते. प्रत काढायला सगळे असतात. ती पुसायचं काम कोणाच्याच नावावर नसतं.

हे सगळ्यात आधी कळतं ते यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाला, म्हणजे सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला. तालुक्याच्या गावात बहुधा या नावाचं पदच नसतं. पतसंस्था, शाळा, दवाखाना, बाजार समिती अशा ठिकाणी ‘कॉम्प्युटर बघणारा’ एखादा असतो आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढ्यापुरताच लोकांचा त्याच्याशी संबंध येतो. पण सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. लोकांच्या खासगीपणाची त्याला खरोखर चाड असेल, तर काही दिवसांतच एक गोष्ट त्याच्या ध्यानात येते: कुलूप किती मजबूत आहे यापेक्षा आत काय आणि किती दिवस ठेवलंय, यावर सारं अवलंबून असतं. पासवर्ड, फायरवॉल, अँटीव्हायरस हवेतच. पण गोळाच न केलेली माहिती कोणी चोरू शकत नाही.

लॉगचंच पाहा. वेबसाइट चालवणारा सर्व्हर येणाऱ्या प्रत्येक विनंतीची एक ओळ लिहितो: कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कोणतं पान मागितलं, कोणत्या ब्राउझरमधून. बिघाड शोधायला ही नोंद लागतेच. आता एखाद्या प्रोग्रामरने अर्जाचा फॉर्म असा लिहिला, की भरलेली माहिती पानाच्या पत्त्यातच चिकटून जाते. मग मोबाइल नंबर किंवा आधार क्रमांक आपोआप लॉगमध्ये उतरतो. कोणी मुद्दाम केलेलं नसतं, अर्जदाराला त्याचा पत्ता नसतो, डेटाबेस कितीही जपला तरी ही नोंद साध्या मजकुराच्या फाइलीत उघडी पडलेली असते. पत्त्याच्या पट्टीत दिसणारं कुलपाचं चिन्हही इथे कामाला येत नाही, कारण ते माहितीला फक्त वाटेत झाकतं. लॉग लिहिला जातो तो सर्व्हरवर पोचून कुलूप उघडल्यानंतर. पुढे काही बिघडलं की हीच फाइल सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीच्या माणसाला पाठवली जाते. बॅकअपची तऱ्हा अशीच. मूळ नोंद आज पुसली तरी काल रात्रीच्या आणि गेल्या महिन्याच्या बॅकअपमध्ये ती शाबूत राहते. त्यामुळे ‘आम्ही डिलीट केलं’ हे उत्तर प्रामाणिक असूनही अर्धवट असू शकतं.

माहिती फुटते ती हॅकरमुळेच, ही समजूत म्हणूनच अपुरी वाटते. आधार प्राधिकरणाने 2017 मध्ये माहिती अधिकारातल्या एका अर्जाला दिलेल्या उत्तरात मान्य केलं, की केंद्र आणि राज्य सरकारांच्या, शिक्षणसंस्थांसह सुमारे 210 वेबसाइटींवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक जाहीर झाले होते. तिथे कोणी कुलूप फोडलं नव्हतं. कार्यालयांनीच याद्या चढवल्या होत्या. त्याआधी 2005 मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकी बँकग्राहकांकडून फोनवर पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले. तेही आतलेच लोक होते.

‘आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ असं गावाकडे सहज म्हटलं जातं. लपवण्यासारखं काही नसलं तरी गमावण्यासारखं असतं. नाव, मोबाइल, बँक आणि कांदा विकल्याची तारीख एकत्र हाती आली, की ‘तुमचं अनुदान अडकलंय, ओटीपी सांगा’ हा फोन खरा वाटायला लागतो. सगळे तपशील बरोबर सांगणाऱ्यावर शेतकऱ्याने विश्वास ठेवला, तर दोष त्याच्या भोळेपणाला देता येणार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. तो हक्क पट्टी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाचाही आहे.

यापेक्षा वजनदार आक्षेप कायद्याच्या बाजूने येतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. मग कमी ठेवा म्हणायचं कसं? निर्देश लॉग जपायला सांगतात. त्यात आधार क्रमांक असावा असं सांगत नाहीत. फॉर्म नीट लिहिला, तर लॉग पूर्ण मुदत ठेवूनही त्यात अर्जदाराचा आधार सापडणार नाही. मुदत संपल्यावर तो पुसायची व्यवस्थाही लावता येते. लेखापरीक्षणाला पुरावा लागतो हेही खरं, पण पडताळणी झाल्याची नोंद आणि आधारची अख्खी प्रत यांत फरक आहे. शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार आणि सोळा अंकी व्हर्च्युअल आयडी या सोयी प्राधिकरणानेच दिल्या आहेत. झेरॉक्स मागण्याच्या सवयीपुढे त्या मागे पडतात.

एका आक्षेपाबाबत मात्र सावध राहायला हवं. रोजगार हमीची मजुरी कोणाला मिळाली, अनुदान कोणाच्या नावावर निघालं, हे गावाला कळलंच पाहिजे, नाहीतर बोगस लाभार्थी पकडणार कोण? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 44(3) ने माहिती अधिकार कायद्यातली खासगी माहितीची तरतूद बदलली आणि आता खासगीपणाचं कारण पुढे करून कार्यालयं हिशेबच झाकतील, ही कार्यकर्त्यांची भीती खरी आहे. नाव, गाव आणि रक्कम फलकावर लागलीच पाहिजे. खाते क्रमांक, आधार आणि मोबाइल लागता कामा नये. ही रेघ यादी चढवण्याआधी तीन रकाने काढून टाकण्याइतकी सोपी आहे.

याच डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि बहुतेक बंधनांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. तोवर थांबायचं कारण नाही. पुढच्या अनुदानाचा शासननिर्णय निघेल, त्यात अर्जाच्या शेवटच्या तारखेखाली आणखी एक तारीख छापता येईल: झेरॉक्स, स्कॅन आणि एक्सेलच्या प्रती नष्ट करण्याची. सोबत ते काम कोणी करायचं, त्याचं पदनामही.