सुरतेतलं वेकेशन

सुरत म्हटली की मराठी माणसाला १६६४ ची स्वारी आठवते, नाहीतर २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या हॉटेलात उतरलेले बंडखोर आमदार. पोटासाठी तिथे जाऊन राहिलेली लाखो मराठी माणसं मात्र फारशी आपल्या खिजगणतीत नसतात. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत धुळे-जळगाव-नंदुरबारकडची इतकी कुटुंबं आहेत की गल्लीतलं भांडणसुद्धा अहिराणीत होतं. महापालिका सात माध्यमांत प्राथमिक शाळा चालवते, त्यांत मराठीही आहे. त्या शाळेत जाणारं पोर उन्हाळ्यात घरी काय करतं?

सुट्टीला तेही ‘वेकेशन’च म्हणतं आणि ते ३५ दिवसांचं असतं. पहिले दोन दिवस मजेत जातात. मग घर आडवं येतं.

घर म्हणजे बहुधा एक खोली, वर पत्रे. बाप पॉवरलूमवर बारा-बारा तासांच्या पाळीत. रातपाळी असली की तो सकाळी येऊन झोपतो आणि पोरांचा खेळायचा सगळा वेळ त्याच्या झोपेत अडकतो. हसायचं नाही, भांडायचं नाही, दाराशी चेंडू आपटायचा नाही. टीव्ही लावला तर आवाज बंद ठेवून. कार्टून काय बोलतंय ते धाकट्याला थोरल्याने कानात सांगायचं. मोबाइल आहे, पण तो बापाच्या उशाखाली. एवढी कडक शिस्त शाळेतसुद्धा नसेल. म्हणून पत्ते, गोट्या, पायरीवर खडूने आखलेला डाव असे बिनआवाजाचे खेळ इथे जोरात चालतात. चिडी करणाऱ्याचं फावतं, कारण ओरडून तक्रार करायची सोय नसते.

आईही रिकामी नसते. सुरतेच्या साड्या गिरणीत आणि बाजारात जितक्या तयार होतात, तितक्याच घराघरांत पुऱ्या होतात. सुटे धागे कापणं, खडे-टिकल्या चिकटवणं, लेस लावणं ही कामं बायका नगावर घरी आणतात. सुट्टीत पोरांचे हात आयते मिळतात. पहिल्या साडीला हौस असते, चमकणारे खडे हाताळायला कोणाला आवडत नाही? तिसऱ्या साडीला बोटांना चिकटलेला गोंद सोलत पोर दाराकडे बघू लागतं. बाहेर क्रिकेटचा डाव लागलेला असतो.

इथे कायद्याची एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरं तर. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर ठेवायला बंदी आली. पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलाने घरच्या धंद्यात मदत केली तर चालते. फक्त काम धोक्याचं नको. आता ठेकेदाराने आणून टाकलेला साड्यांचा गठ्ठा घरचा धंदा कसा? माझ्या मते नाहीच. एखाद्या दुपारी आईला हात लावणं वेगळं आणि नगाचा हिशेब पुरा व्हावा म्हणून सुट्टी खर्ची पडणं वेगळं.

संध्याकाळी मात्र सुरत पोराची होते. बर्फाचा गोळा, गलेली म्हणजे आपले ताडगोळे, आणि पैसे असतील त्या दिवशी कोल्ड कोको. घट्ट, गार, चॉकलेटी दूध. सुरतेबाहेर त्याची सर येत नाही. रविवारी लोचो, वर शेव नि तेल. वडिलांची सुट्टी आणि मूड जुळला तर डुमसचा काळ्या वाळूचा किनारा आणि तिथली टोमॅटोची भजी, नाहीतर सरथाण्याचं प्राणिसंग्रहालय.

तरी खरी ओढ गावाची. समुद्र जवळ असल्याने मे महिन्यातही सुरतेचा पारा पस्तिशीच्या आसपास राहतो, पण घाम आणि घामोळं पाठ सोडत नाहीत. जळगाव-भुसावळकडे ऊन बेचाळिशीपुढे जातं. शहाणा माणूस उन्हाळ्यात उलट्या दिशेने जाईल, पण मामाचं घर तिकडेच आहे. भुसावळच्या गाडीत उधन्याला शिरायचं, बारडोली, व्यारा मागे टाकायचं आणि नवापूरला खिडकीसाठी भांडायचं. या स्टेशनातून राज्यांची हद्द जाते, फलाटावरच्या एका बाकाचं अर्धं अंग महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. दोन राज्यांत बसल्याचा पराक्रम पुढे शाळेत सांगायला होतो.

गावी आखाजी असते. अक्षय्य तृतीयेला खानदेशात हेच नाव. माहेरी आलेल्या लेकी, निंबाच्या फांदीला झोका, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. मोठ्यांचे पत्ते, ते मुलांनी बघायचे नाहीत असं म्हणतात. पण सुरतेच्या पोराला आखाजी सहसा चुकते. २०२२ ला ती ३ मेला आली, गुजरातची सुट्टी ९ मेपासून. २०२३ ला २२ एप्रिलला, सुट्टी १ मेपासून. २०२५ ला ३० एप्रिलला, सुट्टी ५ मेपासून. जुळलं ते फक्त २०२४ ला, सुट्टी ९ मेला लागली आणि आखाजी १० ला, तेही लगेचची गाडी मिळाली त्यांनाच. पोरं पोचतात तेव्हा बहुतेक वेळा झोके उतरलेले असतात आणि आत्या सासरी परतलेली असते. तिथीप्रमाणे सुट्टी हलवा असं कोणी म्हणणार नाही, पण मराठी माध्यमाच्या शाळांना स्थानिक रजेचा एखादा दिवस आखाजीला जोडून देता येईल, महापालिकेने एवढा विचार करावा.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने २०२७ ची आखाजी मेच्या दुसऱ्या आठवड्यात सरकते, म्हणजे ती सुट्टीत सापडू शकते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सुरतेत कोणाचे भाऊ-भाचे असतील तर त्यांना मार्चच्या सुरुवातीलाच तिकिटाची आठवण करून द्या.