इंजिन नंतर, आधी पत्रा

१९५७ची शेवरोले बेल एअर हार्डटॉप विक्रीला दिसली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, इंजिन चालू आहे का? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. तिचं २८३ घनइंची व्ही-८ म्हणजे साधारण ४.६ लिटरचं. या घराण्याची इंजिनं १९५५पासून अमेरिकेत प्रचंड संख्येनं बनली, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. खरी मेख बॉडीत आहे. हार्डटॉपला दोन खिडक्यांमध्ये खांब नसतो. काचा वर केल्या की एकमेकींना रबरावर टेकतात. रबर वाळलं की पाणी आत झिरपतं आणि गालिच्याखालचा पत्रा गंजतो. म्हणून गालिचा उचलून पाहावा, दरवाज्याभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का तेही पाहावं.

कुणी म्हणेल, नवे पत्रेही मिळतातच की. मिळतात, अगदी मागच्या पंखांसकट (टेलफिन). पण ते कापून, वेल्डिंग करून, काचा पुन्हा नेमक्या जुळवायची मजुरी इंजिनाच्या कामाला सहज मागे टाकते. डाव्या पंखाच्या मागच्या क्रोम पट्टीआड पेट्रोल भरायचं तोंड लपवलेलं असतं. ती पट्टी नीट बसते का, हे जरूर तपासा.