हेडफोनचा एक कान बंद पडल्यावर : दुरुस्तीचा जमाखर्च

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवामुळे महाराष्ट्रभर ओळखले जाते. हळदीपासून तयार होणारे येथील कुंकू पुणे–सोलापूर लोहमार्गावरील या लहानशा गावातून दूरदूरच्या बाजारपेठांत पोहोचले आहे. दर विचारणे, माल रवाना झाल्याचे कळविणे, उधारीची आठवण करून देणे ही व्यापारातील कामे पूर्वी पत्राने होत असत. आज ती मोबाइलवर होतात. अशा गावातील व्यापारी घरांत दुकान आणि राहते घर यांच्यामध्ये बहुधा एकच भिंत असते. पुढे गिऱ्हाइकांची वर्दळ चालू असताना मागच्या खोलीत मुलगा स्पर्धा परीक्षेची किंवा मुलगी सनदी लेखापाल परीक्षेची व्याख्याने ऐकत असते. त्यामुळे हेडफोन ही वस्तू आता चैनीच्या यादीतून गरजेच्या यादीत आली आहे.

या वस्तूचा एक कान अचानक बंद पडला की घरात दोनच पर्याय बोलले जातात. एक तर नवा हेडफोन मागवायचा, नाही तर उरलेल्या एका कानावर काम भागवायचे. तिसरा पर्याय दुरुस्तीचा. परंतु ‘आतला ड्रायव्हर गेला, आता काही होणार नाही’ असे एखाद्याने सांगितले की तो तेथेच संपतो. वस्तुस्थिती अशी की, ‘ड्रायव्हर गेला’ असे ज्याविषयी म्हटले जाते अशा अनेक हेडफोनमधील ड्रायव्हर शाबूत असतो. म्हणून मर्यादित पैशांत दुरुस्ती करू पाहणाऱ्याने पहिला खर्च सुट्या भागावर न करता तपासणीवर करावा. तपासणीला वेळ लागतो, पैसा जवळजवळ लागत नाही.

ड्रायव्हर म्हणजे हेडफोनच्या प्रत्येक कानातील छोटासा ध्वनिक्षेपक. त्यात तीन मुख्य भाग असतात : एक लोहचुंबक, केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला चिकटविलेला पातळ पडदा. मोबाइलमधून येणारा विद्युतप्रवाह वेटोळ्यातून गेला की ते चुंबकाजवळ मागेपुढे हलते, त्याच्याबरोबर पडदा हलतो आणि हवेत ध्वनी निर्माण होतो. जर्मनीतील बायरडायनॅमिक या कंपनीने १९३७ साली डीटी ४८ नावाचा हेडफोन याच तत्त्वावर तयार केला. तेव्हापासून चुंबक आणि पडद्याचे साहित्य सुधारले. १९८० च्या दशकात निओडिमियमचे जोरकस चुंबक आल्यामुळे ड्रायव्हर लहान व हलका झाला; पण मूळ तत्त्व बदलले नाही. रचना इतकी सरळ असल्यामुळेच तिच्यातील दोष शोधणे सामान्य माणसाच्या आवाक्यात राहते.

तपासणीचा क्रम ठरलेला असावा. प्रथम हेडफोन दुसऱ्या मोबाइलला जोडून पाहावा; दोष मोबाइलच्या खाचेत साचलेल्या धुळीचाही असतो. कुंकू, हळद, पीठ किंवा मसाला यांच्या दुकानात ही धूळ अधिक. त्यानंतर मोबाइलच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा तोल मध्यावर आहे ना, हे पाहावे. मग आवाज चालू ठेवून वायर पिनेपाशी आणि कानाच्या वाटीपाशी हलकेच वाकवून बघावी. बंद कान क्षणभर जरी बोलला, तरी दोष वायरचा आहे असे समजावे. वायर याच दोन जागी पुनःपुन्हा वाकते आणि वरचे आवरण धड दिसत असतानाही आतली तांब्याची तार तुटते.

येथपर्यंत एक पैसाही लागत नाही. यापुढे मल्टिमीटर लागतो. साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, आणि गावातील वायरमनकडे तो असतोच. माइक नसलेल्या हेडफोनच्या पिनेवर तीन भाग दिसतात : टोक डाव्या कानाचे, मधली कडी उजव्या कानाची आणि बुडाकडचा भाग दोन्हींचा सामाईक. माइक असलेल्या पिनेवर चार भाग असतात. आजच्या बहुतेक मोबाइलच्या हेडफोनमध्ये त्यातील तिसरा भाग सामाईक आणि बुडाचा माइकचा असतो. मीटर २०० ओहमच्या पट्टीवर ठेवून सामाईक भाग आणि टोक, नंतर सामाईक भाग आणि मधली कडी असे मोजावे. चांगल्या कानाचा आकडा हेडफोनवर छापलेल्या ओहमच्या जवळपास, सहसा किंचित कमी, येतो. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये तो तिशीच्या आसपास दिसतो. मीटरचा स्पर्श होताच त्या कानातून ‘खट्’ असा बारीक आवाजही येतो. मीटरने काहीच मोजले नाही, म्हणजे स्वस्त मीटरवर डावीकडे नुसता १ दिसला, तर मार्ग कोठेतरी तुटलेला आहे. आकडा शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

आता खरा निवाडा. कानाची वाटी उघडून थेट ड्रायव्हरच्या दोन टोकांवर मीटर लावावा. तेथे योग्य आकडा आला आणि पिनेवर मात्र आला नाही, तर ड्रायव्हर निर्दोष व वायर दोषी. दोन्ही ठिकाणी आकडा आला नाही, तरच वेटोळे तुटले असे म्हणता येते. आवाज येतो पण फाटका येतो, असे असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. ड्रायव्हरच्या जाळीतून डोक्याचा एखादा केस आत शिरून पडद्याला टेकला की नेमका असाच खरखराट होतो. केस काढला की आवाज पूर्ववत होतो. कानात घालायच्या छोट्या इअरफोनमध्ये आवाज क्षीण झाला असेल, तर जाळीवर साचलेला कानातील मळ हे कारण प्रथम तपासावे.

ड्रायव्हर खरोखरच गेला असेल, तर नवा निवडताना तीन गोष्टी जुळवाव्या लागतात. पहिली गोष्ट माप. डोक्यावरून घालायच्या अनेक हेडफोनमध्ये ४० मिलिमीटर व्यासाचा ड्रायव्हर असतो. पण अंदाजावर न जाता व्यास आणि जाडी पट्टीने मोजावी. दुसरी गोष्ट ओहम. मोबाइल दोन्ही कानांना सारखाच विद्युतदाब देतो. एका बाजूला ३२ आणि दुसऱ्या बाजूला १६ ओहमचा ड्रायव्हर बसविला, तर १६ ओहमचा ड्रायव्हर दुप्पट शक्ती घेतो आणि एक कान दुसऱ्याहून मोठा वाजतो. तिसरी गोष्ट संवेदनशीलता, म्हणजे ठराविक शक्तीला किती डेसिबल आवाज मिळतो. ती जुळली नाही तर ओहम जुळूनही तोल बिघडतो. म्हणून एकच ड्रायव्हर मिळत असेल आणि तो त्याच नमुन्याचा नसेल, तर दोन्ही बाजूंना एकाच जातीची जोडी बसविणे हा निर्धोक मार्ग होय.

ही जोडी स्वस्तात मिळण्याचे पहिले ठिकाण म्हणजे घरातील खण. वायर तुटल्यामुळे टाकून दिलेल्या दुसऱ्या हेडफोनमध्ये दोन चांगले ड्रायव्हर पडून असतात. नवे हवे असल्यास पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची जुनी ठिकाणे आहेत. मात्र केमहून केवळ एका ड्रायव्हरसाठी पुण्याला जाणे हिशोबात बसणार नाही. ते काम मालखरेदीच्या फेरीला जोडून घ्यावे.

बसविताना घाई नको. पिनेच्या दोषात पीन कापून नवी जोडता येते. पण आतल्या बारीक तारांवर लाखेचा रंगीत थर असतो. तो तापलेल्या सोल्डरखाली जाळल्याशिवाय जोड धरत नाही, आणि वरवर नीट दिसणारा जोड आतून कोरडा राहतो. ड्रायव्हरच्या टोकांवर उष्णता एक-दोन सेकंदच द्यावी, अन्यथा प्लास्टिक वितळून वेटोळ्याची तार सुटते. चुंबक लोखंडी चिमटा किंवा स्क्रू-ड्रायव्हर ओढून घेतो आणि त्याचे टोक पडद्यातून आरपार जाते. नवे ड्रायव्हर अनेकदा असेच वाया जातात. जुन्या ड्रायव्हरमागचा कागद किंवा स्पंज फेकू नये. आवाजाचा पोत त्यावर अवलंबून असतो. धन आणि ऋण टोके दोन्ही बाजूंना सारखीच जोडावीत. एका बाजूला ती उलटली तर खर्जाचा आवाज हरवतो आणि वक्त्याचा आवाज मधोमध ऐकू येत नाही. ज्याचा हात बसलेला नाही, त्याने तपासणी घरी करावी आणि सोल्डरिंग मोबाइल दुरुस्ती करणाऱ्याकडून करून घ्यावे. दोष कोठे आहे हे सांगता येणाऱ्या गिऱ्हाइकाला मजुरीही आधी ठरविता येते.

आता जमाखर्च. हेडफोन पूर्वी कितीला घेतला, हा आकडा येथे गैरलागू आहे. ती रक्कम खर्ची पडून गेली. तुलना करावयाची ती पुढील वापराच्या दरवर्षीच्या खर्चाची. उदाहरणादाखल, त्याच प्रतीचा नवा हेडफोन १,५०० रुपयांना मिळतो आणि तीन वर्षे टिकतो असे धरल्यास वर्षाला ५०० रुपये पडतात. पीन बदलण्यास १०० रुपये लागून वर्षभर काम भागले, तर दुरुस्ती निर्विवाद फायद्याची. दोन ड्रायव्हर व मजुरी मिळून ४५० रुपये लागले, तर नफा नाममात्र. त्यातच कानाच्या गाद्या फाटल्या असून त्यांना आणखी २०० रुपये लागणार असतील, तर खर्च ६५० वर जातो आणि नवा घेणेच शहाणपणाचे ठरते. दुरुस्तीचा एकेक खर्च सुटा पाहिला की लहान वाटतो. म्हणून काम हाती घेण्यापूर्वीच सर्व खर्चाची बेरीज एका कागदावर मांडावी.

काही वस्तूंना हा हिशोब लागूच पडत नाही. हमीची मुदत चालू असेल तर वाटी उघडू नये. बिल शोधून विक्रेत्याकडे जावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. केंद्र शासनाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळही सुरू केले आहे. बिनवायरच्या इअरबडमध्ये लिथियमची बॅटरी असते, ती टोचली गेल्यास पेट घेऊ शकते. त्यांचे कवच चिकटविलेले असल्याने ड्रायव्हर बदलणे सहसा परवडतही नाही. बाहेरचा गोंगाट दाबणाऱ्या हेडफोनमध्ये ड्रायव्हर, माइक आणि आतील यंत्रणा एकमेकांशी जुळविलेली असते; तेथे बाजारातील कोणताही ड्रायव्हर चालत नाही.

या साऱ्या हिशोबात एक रकाना पैशांचा नाही. एक कान बंद असलेला हेडफोन वापरणारा विद्यार्थी दुकानातील गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवितो, आणि तो सर्व भार एकाच कानावर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. रोज चार तास व्याख्याने ऐकणाऱ्या मुलाची ती मर्यादा एका दिवसात संपते. श्रवणशक्तीची अशी हानी हळूहळू होते आणि भरून येत नाही. म्हणून परीक्षा तोंडावर आली आहे, नंतर पाहू, असे म्हणून एका कानावर महिने काढणे हा तिन्ही पर्यायांतील सर्वांत महागडा पर्याय आहे. आणि ज्या दुरुस्तीनंतर दोन्ही कान सारखे वाजत नाहीत, ती कितीही स्वस्तात झाली तरी पुरी झाली असे मानू नये.

दुरुस्तीपलीकडे गेलेल्या हेडफोनमधून पीन, वायर, गाद्या आणि शाबूत ड्रायव्हर काढून डबीत ठेवावेत आणि डबीवर ओहमचा आकडा लिहावा. उरलेले अवशेष घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत. पुढच्या वेळी एखादा कान बंद पडला, तर पहिली चौकशी या डबीपाशीच करता येईल.