गिंडीची गिटार, मंगळूरचा सॅक्सोफोन

चेन्नईच्या दक्षिण अंगाला गिंडीचे जंगल आहे. जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचे हे राष्ट्रीय उद्यान एवढ्या मोठ्या महानगराच्या पोटात कसे टिकले, याचेच पाहणाऱ्याला नवल वाटते. वडाच्या सावलीत चितळांचा कळप विसावलेला, मोकळ्या माळावर काळवीट उभे आणि पलीकडे वाहनांची अखंड वर्दळ! याच जंगलातली जमीन घेऊन १९५९ साली, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने, मद्रासची आयआयटी उभी राहिली. तिथल्या वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत. नर्मदा, तापी, गोदावरी, कृष्णा. नाशिक-नांदेडहून गेलेल्या मुलालाही परकेपणा वाटू नये, अशीच ही नावे.

या आवारात पाऊल ठेवणाऱ्या मुलाचे पुढचे आयुष्य मध्यमवर्गीय घरात आधीच आखून झालेले असते. पदवी, परदेश, मोठी नोकरी. आर. प्रसन्ना यांनी इथे नौकास्थापत्याची, म्हणजे जहाजबांधणीच्या शास्त्राची पदवी घेतली. नंतर ते अमेरिकेलाही गेले. इथपर्यंत सारे ठरल्याप्रमाणेच. पण त्यांनी प्रवेश घेतला तो बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात! जगाने त्यांना ओळखले ते जहाजांमुळे नव्हे, तर गिटारीमुळे. आणि तीही कशी? इलेक्ट्रिक गिटारीवर त्यागराजांच्या कृती वाजवणारा आणि त्याच गिटारीवर जॅझच्या मैफली रंगवणारा हा कलावंत.

दोन टोकांचे हे संगीत एका हातात नांदते तरी कसे? की ही नुसती कानाला बरी लागणारी खिचडी आहे?

दोन घरे, दोन रीती

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय समाजाने जॅझला जन्म दिला. ठरलेली चाल एकदा वाजवायची आणि मग ऐन वेळी सुचेल तसा तिचा विस्तार करायचा, हा या संगीताचा प्राण. आपल्याकडे बढत आणि ताना घेताना गवई हेच करतो. दक्षिणेत या उत्स्फूर्त विस्ताराला ‘मनोधर्म’ असा सुंदर शब्द आहे. म्हणजे नाते आहेच. पण अडचण आहे ती पायाची.

आपल्या संगीतात तंबोऱ्यावरचा षड्ज मैफल संपेपर्यंत हलत नाही. साऱ्या स्वरांचे मोल त्या एका स्वराशी असलेल्या अंतरावर ठरते. जॅझमध्ये मात्र सुरावटीखाली स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, सतत बदलत राहतात. आपल्या यमनाचा दाक्षिणात्य भाऊ म्हणजे कल्याणी. त्याच्याखाली पियानोवादकाने मन मानेल तसे कॉर्ड बदलले, तर कानाला षड्जच जागचा हलल्यासारखा वाटतो आणि राग हातचा निसटतो. उलट, एकाच षड्जावर तासभर थांबायचे म्हटले, तर कॉर्डांच्या वाटेने चालायला शिकलेल्या जॅझवादकाची निम्मी शिदोरी निरुपयोगी ठरते.

शिवाय वाद्याचा प्रश्न वेगळाच. कर्नाटक संगीतात स्वर सरळ उभा राहत नाही. तो डोलतो, झुलतो, शेजारच्या स्वराला स्पर्श करून येतो. यालाच गमक म्हणतात. गिटारीच्या मानेवर तर धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या. प्रत्येक स्वराची जागा कायमची बांधलेली! तिथे गमक काढायचे, तर डाव्या हाताने तार आडवी ताणावी लागते, बोट सरकवत न्यावे लागते आणि तरीही स्वर सुरातच राहावा लागतो. ही किमया वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय साधत नाही.

सात मात्रांचे गोत्र

ज्या दाराने ही दोन घरे एकमेकांत सहज ये-जा करतात, ते दार म्हणजे ताल. आपला रूपक ताल आठवा. सात मात्रा, तीन-दोन-दोन अशा विभागलेल्या. दक्षिणेतला मिश्र चापूही सातांचाच, तीन आणि चार असा. आता जरा दूर, ग्रीसकडे वळू. तिथे लग्नसमारंभात हातात हात गुंफून, गोल धरून नाचतात, त्या कलामातियानोस नृत्याची लय मोजून पाहावी. तीन-दोन-दोन! ग्रीक लग्नात नाचणाऱ्याला रूपक ऐकवला, तर त्याची पावले आपोआप पडू लागतील.

या विषम मात्रांची गोडी जॅझला लागली, तिच्या कथेत मद्रासचाही वाटा आहे. १९५८ मध्ये अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचा चमू त्यांच्या सरकारतर्फे पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्यांनी नऊ मात्रांची लय ऐकली, दोन-दोन-दोन-तीन. मद्रासला त्यांची गाठ पडली मृदंगवादक पळनी सुब्रमणिय पिळ्ळै यांच्याशी. मुंबईत सितारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबरही ब्रुबेक वाजवायला बसले. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, त्यांची ‘टाइम आउट’ ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्यात ती इस्तंबूलची नऊ मात्रांची लय होती आणि पॉल डेसमंड यांची ‘टेक फाइव्ह’ ही पाच मात्रांतील रचनाही होती. चारच्या ठेक्यावर पाय आपटणाऱ्या श्रोत्यांनी ही मुद्रिका अक्षरशः डोक्यावर घेतली.

ग्रीसमध्येही असेच घडले. जून २०१० मध्ये अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या प्राचीन खुल्या रंगमंदिरात अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड आणि ग्रीक गायिका मारिया फारान्दूरी यांची एकत्र मैफल झाली. साथीला गजाने वाजवायचे लिरा हे ग्रीक लोकवाद्यही होते. तिथे कोणी कोणाचा सूर पुसून टाकला नाही.

एका गुरूचे दोन धागे

पुन्हा चेन्नईकडे येऊ. प्रसन्ना यांच्या गुरूंपैकी एक म्हणजे अवसरला कन्याकुमारी. मूळच्या आंध्रातील विजयनगरमच्या या व्हायोलिनवादक बाईंनी थोर गायिका एम. एल. वसंतकुमारी यांना दीर्घकाळ साथ केली. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. व्हायोलिन हे वाद्य मुळातच पाश्चात्त्य. गेल्या दोनशे वर्षांत दक्षिणेने ते इतके आपलेसे केले, की आज त्याच्याविना कर्नाटक मैफल सुनी वाटते. तेव्हा परक्या वाद्याला घरचे वळण कसे लावायचे, हे शिकवायला याहून योग्य गुरू कोण?

याच कन्याकुमारींचे व्हायोलिन आणखी एका कहाणीत ऐकू येते. मंगळूरजवळच्या एका नादस्वरवादकाचा मुलगा, कद्री गोपालनाथ. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि वेडच घेतले. या वाद्यातून गमक काढण्यासाठी अनेक वर्षे घासली, त्याच्या बांधणीतही फेरफार करून घेतले. मद्रासला टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्याकडे तालीम घेतली. १९८० मध्ये मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकन वादक जॉन हँडी यांनी त्यांना ऐकले आणि ‘मी बरोबर वाजवू का?’ अशी विचारणा केली. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या संगीत महोत्सवात कद्रींचा सॅक्सोफोन घुमला.

तिकडे अमेरिकेत, मूळच्या कर्नाटकातील कुटुंबात वाढलेले रुद्रेश महंतप्पा बर्कलीत जॅझ सॅक्सोफोन शिकत होते. मोठ्या भावाने गमतीने त्यांच्या हाती एक ध्वनिमुद्रिका ठेवली, ‘सॅक्सोफोन इंडियन स्टाइल’. वादक होते कद्री गोपालनाथ! थट्टा थट्टेच्या जागी राहिली आणि त्या तरुणाला आपल्याच वाद्यात आपल्याच पूर्वजांचा आवाज सापडला. नुसत्या कौतुकावर न थांबता त्यांनी कर्नाटक संगीताचा रीतसर अभ्यास केला. २००८ मध्ये दोघांची ‘किन्समेन’, म्हणजे ‘भाऊबंद’, ही मुद्रिका निघाली. त्यात व्हायोलिनवर होत्या कन्याकुमारी. कद्री २०१९ मध्ये निवर्तले, पण त्यांनी पाडलेली वाट वाहतीच राहिली.

मिश्रण की मीलन?

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान दिसते. कोणीही आपले घर सोडून दुसऱ्याच्या ओसरीवर पाहुणा म्हणून बसलेला नाही. मुंबईचे झाकिर हुसेन, मद्रासचे एल. शंकर आणि घटम्‌वादक विक्कू विनायकराम यांच्याबरोबर १९७०च्या दशकात ‘शक्ती’ हा चमू उभारणारे जॉन मॅकलॉफ्लिन यांनीही आधी वीणेची तालीम घेतली होती. त्याच ‘शक्ती’च्या २०२३ मधील मुद्रिकेला २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

जिथे ही मेहनत नसते, तिथे तबल्याचा ठेका, चार कॉर्ड आणि बासरीची एक सुरावट एकमेकांवर ठेवून ‘फ्यूजन’चे लेबल चिकटवले जाते. अशा गाण्यात राग तर हरवतोच, शिवाय जॅझही हरवतो. नुकसान होते ते ऐकणाऱ्या मुलांचे, कारण दोन्ही घरांची खरी चव त्यांना कळतच नाही.

प्रसन्ना यांनी वाटचालीत ‘स्माइल पिंकी’ या ऑस्करविजेत्या लघु माहितीपटाला संगीत दिले, २०११ मध्ये पियानोवादक विजय अय्यर आणि तबलावादक नितीन मित्ता यांच्यासह ‘तीर्थ’ ही मुद्रिका केली. त्याआधी २०१० मध्ये चेन्नईच्या दक्षिणेला स्वर्णभूमी संगीत अकादमी सुरू झाली, तिची धुरा त्यांच्याकडे आली. गिंडीच्या त्या आवारातही सूर परतले आहेत. १९८६ मध्ये ‘हाउ टू नेम इट?’ या मुद्रिकेतून त्यागराज आणि बाख यांना एकत्र आणणारे संगीतकार इळैयाराजा यांच्या नावाने संगीत अध्ययन व संशोधन केंद्र उभारण्यासाठी आयआयटी मद्रासने २०२४ मध्ये पाऊल उचलले.

तेव्हा आपल्या घरात मुलाने गिटार आणली, तर कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. तंबोरा त्यामुळे हद्दपार होत नाही. त्याला एवढेच विचारावे, ‘बाळा, आधी सा पक्का झाला का?’ सा पक्का असला, की बोस्टन असो वा अथेन्स, सातव्या मात्रेनंतरची सम त्याला बरोबर सापडेल.