लुप्त ग्रंथांचा राखणदार : हर्मान डील्स

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या प्रत्येकाला एक अनुभव असतो. आजोबांना जाऊन वीस वर्षें झालेलीं असतात. पण घरांत कांहीं वाद निघाला कीं, "आजोबा असें म्हणत असत," हें वाक्य कोणाच्या ना कोणाच्या तोंडून येतेंच. थोरल्या काकांचे आजोबा एक सांगतात, आत्याबाईंचे आजोबा दुसरेंच! त्यांच्या हातचें एखादें पत्र सांपडलें तर गोष्ट निराळी. एरव्हीं आजोबांचे स्वतःचे शब्द कोणते आणि सांगणाऱ्याची भर कोणती, हें ठरविणें कठीण होऊन बसतें. एका घराच्या तीन पिढ्यांत ही स्थिति, तर अडीच हजार वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या तत्त्वज्ञांविषयीं काय बोलावें? सॉक्रेटिसाच्या आधींच्या ग्रीक विचारवंतांपैकीं एकाचाही ग्रंथ समग्र उरलेला नाहीं. त्यांच्या बाबतींत नेमका हाच निवाडा करण्यांत ज्या जर्मन पंडितानें आपलें आयुष्य वेंचिलें, तो म्हणजे हर्मान डील्स.

डील्स यांचा जन्म १८ मे १८४८ रोजीं ऱ्हाइन नदीच्या कांठीं बीब्रिख येथें झाला. वडील रेल्वेंत स्टेशनमास्तर होते. बॉन विद्यापीठांत उझेनर यांच्यासारखा चिकित्सक गुरु आणि पुढें जगप्रसिद्ध झालेले विलामोवित्स यांच्यासारखा सहाध्यायी त्यांना लाभला. १८७० सालीं पदवी मिळाली, पण प्राध्यापकाची जागा कांहीं लगेच मिळाली नाहीं. फ्लेन्सबुर्ग, हॅम्बुर्ग आणि मग बर्लिन अशा तीन शहरांत त्यांनीं शाळामास्तर म्हणूनच उमेदीचीं वर्षें काढिलीं. लग्न झालेलें, मुलें लहान, शाळेचें काम रोजचें. आणि तें संभाळूनच १८७९ सालीं त्यांनीं 'डॉक्सोग्राफी ग्रीकी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची विस्तृत प्रस्तावना लॅटिन भाषेंत आहे.

ह्या ग्रंथांत त्यांनीं केलें काय, तें थोडें समजावून घेण्यासारखें आहे. निरनिराळ्या तत्त्वज्ञांचीं मतें विषयवार एकत्र केलेले संग्रह प्राचीन काळीं प्रचारांत होते. त्यांपैकीं एक प्लुटार्कच्या नांवावर चालत आला होता. तशाच स्वरूपाचा मजकूर स्टोबिअस नांवाच्या दुसऱ्या संग्राहकानेंही दिला होता. डील्स यांनीं दोहोंतील मजकूर शेजारीं शेजारीं दोन रकान्यांत छापिला. कित्येक ठिकाणीं शब्दाला शब्द जुळतो. परंतु कोठें ह्याच्यांत अधिक, तर कोठें त्याच्यांत. ह्यावरून त्यांनीं असें अनुमान काढिलें कीं, ह्या दोहोंपैकीं कोणीही दुसऱ्यावरून उतरून घेतलेलें नसून, दोघांनींही तिसऱ्याच एका लुप्त ग्रंथावरून घेतलें आहे. थिओडोरेट नांवाच्या एका ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यानें त्या तिसऱ्याचें नांव सांगून ठेविलें होतें : एटिअस. एटिअसच्या मागें आणखी एक जुना संग्रह, आणि त्याच्याही मागें अरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस, अशी सारी वंशावळच डील्स यांनीं मांडून दाखविली.

ह्याचें महत्त्व कशांत? दहा साक्षीदार एकच गोष्ट सांगूं लागले म्हणजे आपणांस ती खरी वाटते. पण ते दहाही जण एकाच माणसाकडून ऐकून आले असतील, तर ती साक्ष एकाचीच! केवळ पुष्कळ ग्रंथांत लिहिलें आहे म्हणून एखादें मत अमक्या तत्त्वज्ञाचें, असें ह्यापुढें कोणासही म्हणतां येईना.

ह्या कामगिरीमुळें १८८१ सालीं बर्लिनच्या विद्वत्परिषदेनें त्यांस सभासद करून घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं विद्यापीठाचें दार उघडलें. परिषदेनें अरिस्टॉटलवरील ग्रीक टीकाग्रंथांची जी प्रचंड माला काढिली, तिची धुरा त्यांच्याकडे आली. ती १९०९ सालीं पुरी झाली. त्यांतील सिंप्लिकिअसची टीका त्यांनीं स्वतः संपादिली. हा सिंप्लिकिअस इसवी सनाच्या सहाव्या शतकांतला. ५२९ सालीं जस्टिनिअन बादशहानें अथेन्समधील तत्त्वज्ञानाच्या अध्यापनावर बंदी घातली, तेव्हां इराणच्या दरबारीं आश्रयास गेलेल्यांपैकीं तो एक. पार्मेनिदीझच्या काव्याच्या ओळी उतरून घेतांना, हा ग्रंथ आतां दुर्मिळ झाला आहे म्हणून येथें देतों, असें तो कारण सांगतो. ग्रंथ खरोखरच पुढें नाहींसा झाला. जे शब्द राहिले, त्यांतील बहुतेक ह्या परागंदा पंडितानें उतरून ठेविले म्हणूनच राहिले.

ही सारी सामग्री गोळा झाल्यावर १९०३ सालीं 'सॉक्रेटिसपूर्व तत्त्वज्ञांचे अवशेष' हा डील्स यांचा मुख्य ग्रंथ बाहेर पडला. त्याची रचना अगदीं साधी, पण कडक. प्रत्येक तत्त्वज्ञाच्या प्रकरणाचे मुख्यतः दोन भाग : 'अ' मध्यें इतरांनीं त्याच्याविषयीं सांगितलेलें, 'ब' मध्यें त्याचे स्वतःचे शब्द, आणि त्यांस जर्मन भाषांतराची जोड. ही विभागणी पाहिली म्हणजे वाचकाचा कित्येक ठिकाणीं भ्रमनिरास होतो. आद्य तत्त्वज्ञ म्हणून गाजलेल्या थेलीझचें खात्रीचें असें एकही वाक्य नाहीं. अनॅक्सिमँडरचें जेमतेम एक. पार्मेनिदीझच्या सुमारें दीडशें ओळी, आणि हेराक्लिटसचीं शंभरावर वचनें. ह्या वचनांचा मूळ क्रम कोणता, हें कोणासच ठाऊक नव्हतें. दुसरा एखादा संपादक आपल्या कल्पनेनें त्यांची सुसंगत माळ गुंफून मोकळा झाला असता. डील्स यांनीं तसें केलें नाहीं. ज्या ग्रंथकारांनीं तीं वचनें उद्धृत केलीं, त्यांच्या नांवांच्या अक्षरानुक्रमानें त्यांनीं तीं लाविलीं. जेथें माहीत नाहीं, तेथें माहीत असल्याचें सोंग आणावयाचें नाहीं, हा त्यांचा नेम.

पुस्तकी विद्येंत बुडालेला हा पंडित जगाकडे पाठ फिरवून बसलेला मात्र नव्हता. पार्मेनिदीझच्या काव्यांत एका दरवाजाचें वर्णन येतें, तें नीट कळावें म्हणून त्यांनीं प्राचीन ग्रीकांचीं दारें व कुलुपें ह्यांवर एक स्वतंत्र परिशिष्टच लिहिलें! त्यांचे तिन्ही मुलगे तीन निरनिराळ्या शास्त्रांत नांवाजले. लुडविग वनस्पतिशास्त्रांत, पाउल स्लाव भाषांच्या अभ्यासांत, आणि ओट्टो रसायनशास्त्रांत. त्यांस १९५० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तें पाहावयास वडील नव्हते. ४ जून १९२२ रोजीं ते निवर्तले होते. त्यांनीं केलेलें ल्युक्रेशिअसच्या परमाणुवादी काव्याचें भाषांतर १९२४ सालीं निघालें, त्यास प्रस्तावना आइन्स्टाइन यांची आहे.

डील्स यांचें सर्वच म्हणणें आज जसेंच्या तसें मान्य आहे, असें नाहीं. डेमॉक्रिटस हा तर सॉक्रेटिसाचा समकालीन. त्यास 'पूर्व' कसें म्हणावें? एटिअसविषयींच्या त्यांच्या सिद्धांतांतही पुढच्या अभ्यासकांनीं बरीच दुरुस्ती सुचविली आहे. पण त्यांचे शिष्य क्रान्झ यांनीं सुधारून काढिलेल्या ह्या ग्रंथांतील क्रमांकांनींच आजही जगभर ह्या तत्त्वज्ञांचा उल्लेख होतो. १९९९ सालीं स्ट्रासबुर्ग येथील एका पपायरसाचे तुकडे जुळवून प्रसिद्ध झाले, तेव्हां त्यांत एम्पिडॉक्लीझच्या काव्याच्या ओळी निघाल्या. आणि त्यांतील कांहीं तर सिंप्लिकिअसनें दिलेला उतारा जेथें संपतो, त्याच्याच पुढच्या! चौदाशें वर्षांपूर्वींच्या नकलकारानें इमानानें काम केलें होतें, ह्याची ही मूर्तिमंत साक्ष.

आपल्याकडेही चार्वाकांचीं मतें आपणांस मुख्यतः त्यांच्या प्रतिपक्ष्यांच्या ग्रंथांवरूनच कळतात. तेथेंही चार्वाक काय म्हणाला आणि खंडन करणाऱ्यानें त्याच्या तोंडीं काय घातलें, हा प्रश्न उभा राहतोच. डील्स यांच्या चरित्रापासून घेण्यासारखा धडा मोठ्या विद्वानांपुरताच आहे असें मात्र नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणी कोणी लिहून ठेवीत असेल, तर पानाचे दोन भाग करावे : एकीकडे त्यांचे स्वतःचे शब्द, दुसरीकडे लोकांनीं सांगितलेलें, आणि सांगणाऱ्याचें नांव. दुसरी बाजू भराभर भरेल. पहिल्या बाजूस चारच ओळी उतरल्या तरी चालेल. पण त्या आजोबांच्या असतील.