रेसचा नाद कुणाला आणि कसा लागतो?

‘तो रेसला जातो’ हे वाक्य आपल्याकडे आवाज खाली आणूनच बोललं जातं. घोड्यांपायी अमक्याचा वाडा गेला, तमक्याने बायकोच्या पाटल्या मोडल्या, अशी एखादी गोष्ट बऱ्याच घरांत ऐकायला मिळते. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासून मुंबईत आहे, पुण्याचं तर त्याहूनही जुनं. तरी ती हिरवळ लांबून बघण्यापलीकडे आपल्यातल्या बहुतेकांचा तिच्याशी संबंध येत नाही. माझाही आला नव्हता.

नोकरीच्या निमित्ताने न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात आलो आणि रेस अगदी दारात आली. इथून उत्तरेला, गाडीने पाऊण तासाच्या आत, सॅराटोगा स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. वस्ती २८ हजारांच्या आसपास. १८६३ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना, जॉन मॉरिसी नावाच्या एका माजी मुष्टियोद्ध्याने इथे पहिल्या शर्यती भरवल्या. दुसऱ्याच वर्षी मैदान रस्त्यापलीकडे हललं आणि ते आजही तिथेच आहे. हंगाम जुलैच्या मध्यापासून लेबर डेपर्यंत. ‘ट्रॅव्हर्स स्टेक्स’ ही इथली सगळ्यात मानाची शर्यत. त्या दिवशी ४५-५० हजार माणसं येतात, म्हणजे गावाच्या वस्तीपेक्षा कितीतरी जास्त.

जुलै उजाडला की आमच्या ऑफिसातलं वातावरण गावच्या जत्रेआधी असतं तसं होतं. टेस्टिंग टीममधल्या एक पन्नाशीच्या बाई भल्या पहाटे उठून मैदानाच्या फाटकाशी रांगेत उभ्या राहतात. मैदानाच्या मागच्या बाजूला झाडांखाली टेबलं मांडलेली असतात, आणि जो आधी पोहोचेल त्याचं टेबल. फाटक उघडलं की सगळे पळत सुटतात आणि टेबलावर चादर टाकून जागा धरतात. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचो, अगदी तसंच. मग दिवसभर डबे उघडतात, पत्ते रंगतात, पोरं गवतात लोळतात. शर्यतीआधी घोडे याच गर्दीतून, अगदी हाताच्या अंतरावरून पॅडॉककडे नेले जातात. शर्यतीला १७ मिनिटं उरली की हाताने घंटा वाजवली जाते.

तिथे भेटेल त्याला एक प्रश्न विचारायची मला सवय लागली : ‘तुम्ही पहिल्यांदा रेसला कसे आलात?’ गंमत अशी, की उत्तरात पैशाचं नाव जवळजवळ येतच नाही. एखाद्या माणसाचं नाव येतं, नाहीतर एखाद्या घोड्याचं.

सगळ्यात जास्त ऐकलेलं उत्तर म्हणजे आजोबा किंवा वडील. टेस्टिंगवाल्या बाईंना त्यांचे वडील सहा वर्षांच्या असताना घेऊन आले होते. वडिलांनी दोन डॉलर दिले आणि म्हणाले, ‘तुला आवडेल तो घोडा सांग.’ त्यांनी नाकावर पांढरा ठिपका असलेला घोडा सांगितला. तो शेवटून दुसरा आला. पण त्या दिवसापासून उन्हाळ्यातला एक शनिवार वडिलांचा आणि त्यांचा, हे ठरून गेलं.

दुसरं उत्तर येतं सेक्रेटॅरियटचं. १९७३ मध्ये साठीच्या पुढचे आजचे लोक शाळा-कॉलेजात होते. अमेरिकेत तीन वर्षांच्या घोड्यांसाठी केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट अशा तीन मोठ्या शर्यती असतात. तिन्ही जिंकणारा घोडा २५ वर्षांत झाला नव्हता. ९ जून १९७३ ला सेक्रेटॅरियटने बेलमाँट जिंकली, ती ३१ लेंग्थनी. म्हणजे त्याच्या आणि दुसऱ्या घोड्याच्या मध्ये ३१ घोडे एकामागे एक उभे करता आले असते. दीड मैलाला २ मिनिटं २४ सेकंद, हा विक्रम आजही मोडलेला नाही. तोच जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे दोन डॉलरच्या तिकिटाला फक्त दोन डॉलर वीस सेंट मिळणार होते. त्यातली ५,६१७ तिकिटं कधी वटवलीच गेली नाहीत. लोकांनी ती आठवण म्हणून जपून ठेवली. ‘रेसवाले सगळे पैशाच्या मागे’ असं म्हणणाऱ्याला मी हा आकडा ऐकवतो.

बायकांकडून पुस्तकांची नावं ऐकू येतात. वॉल्टर फार्ली यांचं ‘द ब्लॅक स्टॅलियन’ १९४१ मध्ये आलं, मार्गरेट हेन्री यांची घोड्यांवरची पुस्तकं त्यानंतरची. कित्येक मुलींनी खरा घोडा बघण्याआधी तो पुस्तकात बघितला. पुढच्या पिढीला लॉरा हिलेनब्रँड यांच्या ‘सीबिस्किट’ने ओढलं. ते पुस्तक २००१ मध्ये आलं आणि दोन वर्षांनी त्यावर सिनेमा निघाला.

चौथी जमात आम्हा संगणकवाल्यांच्या जवळची, आकड्यांत रमणारी. अँड्र्यू बेयर हा त्यांचा गुरू. हार्वर्डमध्ये शिकत असताना १९६६ मध्ये चॉसर या कवीवरचा शेवटचा पेपर नेमका बेलमाँटच्या दिवशी आला, तेव्हा हा गडी पेपर सोडून शर्यतीला गेला. पदवी राहिली ती राहिलीच. पुढे तो ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा रेसवरचा स्तंभलेखक झाला. घोड्याच्या वेळेतून त्या दिवशीच्या मैदानाचा परिणाम वजा करून प्रत्येक कामगिरीला एकच आकडा द्यायचा, ही त्याची पद्धत. पावसाने ट्रॅक जड झाला की सगळेच घोडे सावकाश पळतात. म्हणून नुसती वेळ बघून दोन दिवसांची तुलना करता येत नाही. १९७५ मध्ये त्याने हे पुस्तकात मांडलं आणि १९९२ पासून ‘डेली रेसिंग फॉर्म’ या वर्तमानपत्रात प्रत्येक घोड्यापुढे तो आकडा छापून येऊ लागला. माझा शिरकावही याच दाराने झाला. विदा बघितली की आमचे हात शिवशिवतात. पण त्याच आकड्यांनी मला हेही सांगितलं, की इथे तुमची लढत मैदानाच्या मालकाशी नसते. सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, पैजेच्या प्रकारानुसार साधारण १५ ते २५ टक्के आधीच कापले जातात आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. म्हणजे बहुतेकांचे पैसे जाणारच, हे गणितातच आहे. आपल्याकडची ती वाडा गेल्याची गोष्ट खोटी नाही. मी पैज लावली तर दोन डॉलरची लावतो आणि ते भेळेचे पैसे समजतो.

आणखी एक वर्ग आहे, ‘आपला घोडा’ म्हणणाऱ्यांचा. सॅकेट्स हार्बर या न्यूयॉर्कमधल्या छोट्या गावातल्या काही शाळासोबत्यांनी १९९५ मध्ये प्रत्येकी पाच हजार डॉलर काढून एकत्र घोडे घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या मंडळाने ७५ हजार डॉलरला घेतलेला ‘फनी साइड’ हा सॅराटोगाच्याच एका फार्मवर जन्मलेला, खच्ची केलेला घोडा. २००३ मध्ये तो केंटकी डर्बी जिंकला. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या घोड्याने डर्बी जिंकण्याची ती पहिलीच वेळ. कोट्यधीशांच्या मोटारींच्या गर्दीत हे मालक डर्बीला पिवळ्या स्कूल बसमधून गेले होते. आमच्याकडे त्या वर्षीपासून रेस बघू लागलेले लोक पैशाला पासरी भेटतात.

आणि पागेमागे राहणाऱ्यांना विसरून चालणार नाही. घोड्यांना पहाटे खरारा करणारे मोतद्दार बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. नावाजलेले कितीतरी जॉकी पोर्तो रिको, पनामा, व्हेनेझुएलाचे. १९७१ मध्ये ‘कान्योनेरो’ हा वाकड्या पायाचा, १,२०० डॉलरला घेतलेला घोडा व्हेनेझुएलातून आला आणि केंटकी डर्बी जिंकून गेला. परदेशात राबणाऱ्या माणसाला आपल्याकडचं कुणीतरी जिंकताना बघून काय वाटतं, हे या सदराच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

माझे वडील इथे आले तेव्हा मी त्यांना जरा भीतभीतच सॅराटोगाला नेलं. आम्ही आंबेगाव तालुक्यातले. बैलगाडा शर्यतीत कुठल्या घाटात कुणाची बारी किती सेकंदांत झाली, हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी पैजेच्या खिडक्यांकडे बघितलंही नाही. थेट पॅडॉकच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले आणि घोड्यांचे पाय न्याहाळू लागले. ‘पुढे घोडी नाही का पळवत?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा मात्र गंभीर होता : ‘बैलाच्या पायात जरा खोट दिसली तर आम्ही गाड्याला जुंपत नाही. हे लोक बघतात का?’

बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. त्या सगळ्या वर्षांत जनावराच्या हालाचा प्रश्न बाबांनीही ऐकला होता, मनाला लावूनही घेतला होता. सॅराटोगात तो प्रश्न २०२३ च्या ऑगस्टमध्ये उभा राहिला. ५ ऑगस्टला ‘मेपल लीफ मेल’ ही तोवर एकही शर्यत न हरलेली तरुण घोडी पुढे असताना शेवटच्या रेषेच्या अगदी काही पावलं अलीकडे पाय मोडून पडली. तीन आठवड्यांनी ट्रॅव्हर्सच्या दिवशी ‘न्यूयॉर्क थंडर’ या दुसऱ्या अपराजित घोड्याचं रेषेजवळ तसंच झालं. दोघांनाही वाचवता आलं नाही.

आमच्या टेस्टिंगवाल्या बाई दोन्ही दिवशी मैदानावर होत्या. दुसऱ्यांदा त्यांनी टेबलावरची चादर गुंडाळली आणि पुढच्या शर्यती न बघताच घरी गेल्या. सोमवारी ऑफिसात त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर ‘बघतात’ असं आहे. २०२० मध्ये अमेरिकेत त्यासाठी कायदा झाला आणि जुलै २०२२ पासून बहुतेक राज्यांत सुरक्षेचे एकसारखे नियम आले. शर्यतीच्या दिवशी पशुवैद्य घोडा तपासतात, शंका आली तर त्याला शर्यतीतून काढतात. तरीही ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने पळणाऱ्या अर्ध्या टनाच्या जनावराचा सगळा भार क्षणभर एका बारीक पायावर येतो. धोका कमी करता येतो, संपवता येत नाही. इथे कुठल्या तरी घोड्यामुळे जीव अडकलेल्या माणसासाठी हे फार अवघड होऊन बसतं.

अशा वेळी काय करावं, याचं एक उत्तर मायकेल ब्लोवेन यांच्याकडे बघून मिळतं. ते ‘बॉस्टन ग्लोब’चे चित्रपट समीक्षक होते. ओळखीतल्या एकाने रेस दाखवली आणि त्यांना ती इतकी आवडली, की नोकरी सांभाळून ते पागेत मोतद्दाराचं काम करू लागले. १९८६ चा डर्बीविजेता ‘फर्डिनंड’ पैदाशीसाठी जपानला गेला होता. तिथे त्याला कत्तलखान्यात पाठवलं गेल्याचं २००३ मध्ये उघड झालं. त्याच वर्षी ब्लोवेन यांनी केंटकीत ‘ओल्ड फ्रेंड्स’ हे निवृत्त घोड्यांचं घर सुरू केलं. १९९७ मध्ये डर्बी जिंकणारा ‘सिल्व्हर चार्म’ २०१४ मध्ये जपानहून तिथे आला. ज्या घोड्यांसाठी लोक टीव्हीसमोर ओरडले होते, त्यांना हाताने गाजर भरवायला ते आता नातवंडांना घेऊन येतात. निवृत्त घोड्याचं पुढे काय, हा प्रश्न पुण्यालाही नवा नाही. पूनावाला स्टड फार्मचे निवृत्त घोडे लससाठी लागणाऱ्या सीरमकरता हाफकिन संस्थेकडे जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

बाई पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा रांगेत दिसल्या. पहिल्या पगाराला ठरावीक रक्कम त्या आता निवृत्त घोड्यांच्या संस्थेला पाठवतात. ‘मन होतं का हो जायला?’ असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘प्रत्येक शर्यत सुरू होताना भीती वाटते. पण वडील जाऊन अकरा वर्षं झाली, आणि ते मला अजून त्याच झाडाखाली भेटतात.’

तुमच्यापैकी कुणाचे आई-बाबा पुढच्या उन्हाळ्यात इकडे येणार असतील, तर नायगाराच्या वाटेवर एक दिवस सॅराटोगासाठी ठेवा. दुपारची गर्दी नको असेल तर सकाळी लवकर सराव बघायला जा. धुक्यातून आधी टापा ऐकू येतात आणि मग घोडा दिसतो. पैज लावायची काहीच गरज नाही. कठड्याशी एखादे आजोबा कॉफीचा कप घेऊन उभे असतातच. त्यांना विचारा, तुमचा पहिला घोडा कोणता? तासभर तरी तिथून हलणं होणार नाही, एवढं नक्की.