निर्धन संताचं सोनेरी चर्च

जुन्या गोव्यात उतरलेला पर्यटक आधी बॉम जेझूस चर्चमध्ये शिरतो, मग रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये. तोवर ऊन तापलेलं असतं, पोरं भुकेलेली असतात. मग कॅथेड्रलच्या मागे, पश्चिमेला असलेलं असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च राहून जातं. माझं ऐकाल तर वेळ कमी असल्यास बाकीची सोडा, पण हे आतून बघा.

बाहेरून ते साधंच. जांभ्याचं बांधकाम, त्यावर चुन्याचा गिलावा, दोन बाजूंना अष्टकोनी मनोरे. दारापाशी मात्र थांबावं. फ्रान्सिस्कन साधू १५१७ मध्ये गोव्यात आले. त्यांचं १५२१ चं चर्च पाडून १६६१ मध्ये आजचं उभं राहिलं, तेव्हा जुन्यातला हा दरवाजा तेवढा राखला. काळसर दगडातली त्रिदली कमान आणि तिच्यावर दर्यावर्दींच्या उपयोगाचे गोल! देवाच्या दारावरही पोर्तुगालला आपली जहाजं मिरवायची होती.

आत गेलं की नजर थेट मुख्य वेदीवर जाते. कोरीव लाकूड आणि त्यावर सोन्याचा वर्ख, रिकामी जागा म्हणून कुठे सोडलेली नाही. मधोमध संत फ्रान्सिस आणि तेवढाच मोठा क्रुसावरचा येशू. मूर्तींच्या खाली संताची तीन व्रतं कोरली आहेत: दारिद्र्य, नम्रता आणि आज्ञापालन. कापडाच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा घरची श्रीमंती लाथाडून भिक्षेवर जगला, आणि त्याच्याच अनुयायांनी त्याला असं सोन्यात मढवलं. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं म्हणा!

वेदीच्या दोन्ही बाजूंना, लाकडी फळ्यांवर, त्याच्या आयुष्यातले प्रसंग रंगवले आहेत. पण मला जास्त आवडतात त्या बाजूच्या छोट्या प्रार्थनास्थळांमधल्या भिंती. त्यांच्यावर वेलबुट्टी चढत गेली आहे, पानाला पान आणि फुलाला फूल लागून. सोन्यापुढे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. जमिनीकडे तर त्याहून नाही. तिथे मानचिन्हं कोरलेले कबरींचे दगड बसवले आहेत आणि त्यांच्यावरूनच आपण चालत असतो.

१८३५ मध्ये गोव्यातले मठ सरकारी हुकुमाने बंद झाले. त्यातल्याच, या चर्चला लागून असलेल्या फ्रान्सिस्कन मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरी ओळीने टांगल्या आहेत, आणि त्याच छताखाली वीरगळ, सतीशिळा आणि देवळांतल्या मूर्तीही मांडल्या आहेत. चर्च आणि संग्रहालय मिळून दोन तास हाताशी ठेवावेत.